वादीतला लाल-पांढरा खांब

मित्रांनो, मी एक जुना खांब आहे. दिव्याचा नव्हे आणि तारेचाही नव्हे. ओमान देशात रुस्ताककडे जाणाऱ्या एका सडकेला कोरडी नदी आडवी जाते. अशा नदीला इथे वादी म्हणतात. तिच्या पात्रात, सडकेच्या कडेला मी उभा आहे. माझा खालचा भाग पांढरा, वरचा लाल. पाणी लाल भागाला लागलं की गाडी घालायची नाही, एवढं सांगण्यासाठी मला रोवलं.

थेंबभर पाणी नसलेली नदी कसली, असं तुम्ही म्हणाल. एकदा नकाशा उघडा. अरबस्तानच्या द्वीपकल्पाच्या कोपऱ्यातला हा देश. एकीकडे समुद्र, दुसरीकडे न संपणारी वाळू आणि मधे हजर नावाच्या पर्वताचे उघडेबोडके कडे. उन्हाळ्यात माझ्या अंगाला हात लावाल तर फोड येईल. डोंगरावर क्वचितच पाऊस पडतो, पण मुरायला तिथे माती कुठे आहे? सगळं पाणी धावत खाली येतं. इथे डोक्यावर ऊन रखरखत असतं आणि पात्र भरून येतं. इथली माणसं पाणी आलं म्हणत नाहीत, वादी आली म्हणतात.

पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी इथे सडकच नव्हती. याच पात्रातून उंट खजूर घेऊन किनाऱ्याला उतरायचे आणि सुकी मासळी घेऊन परतायचे. किनाऱ्यावरून गलबतं पार कोकणापर्यंत जायची. पुढे तेलाचा पैसा आला, डांबर आलं आणि मी आलो. उंटवाल्यांना माझी गरज नव्हती. डोंगरावर ढग दिसला की ते वादी ओसरेपर्यंत काठावर बसून राहत. मोटारवाल्यांना कुठला एवढा धीर!

सुरुवातीला माझा मान होता. गाड्या थांबायच्या, लोक काचा खाली करून माझ्याकडे बघायचे. मग पावसाने अनेक वर्षं तोंड फिरवलं. गरज सरो, वैद्य मरो! उन्हाने माझा रंग खाल्ला, उरलासुरला वाळूने खरवडला. एका ट्रकने धक्का देऊन मला वाकवलं. टायरवाल्याने माझ्यावर जाहिरात चिकटवली. मला रंग द्यावा असं कुणाच्याही मनात आलं नाही.

मग एका वर्षी मार्चमध्ये वादी आली.

डोंगराकडच्या गावात मुनीरचं किराणा दुकान होतं. तो रत्नागिरीकडचा, खाडीकाठी वाढलेला. त्या दिवशी त्याची बायको रहिमा आणि मुलगी अमरीन पहिल्यांदाच मस्कतला उतरणार होत्या. अमरीनला त्याने फक्त फोनवर पाहिलं होतं. त्यांना आणायला तो मेहुण्याला, रेहानला, घेऊन पिकअपमधून निघाला होता. पाणी बघून दोघं काठावर थांबले. बराच वेळ गेला आणि पाणी उतरू लागलं.

रेहानने काठावरूनच माझ्याकडे बघितलं. "भाई, ह्या खांबावर काय पन दिसत नाय."

"खांब कशाला बघतंस? पानी बघ. ओहोटी लागली."

तिथेच शेळ्या घेऊन बसलेला एक ओमानी म्हातारा हात उंचावून ओरडला, "रुको! और वादी आता है! पीछे जाओ!"

"चाचा, पानी जा रहा है. खलास," मुनीर म्हणाला.

खाडीचं पाणी एकदा उतरू लागलं की उतरतच जातं. मुनीर जन्मभर तेच बघत आला होता. पण वादीला अनेक डोंगरांचे ओढे मिळतात. जवळच्या ओढ्याचं पाणी ओसरतं तेव्हा लांबचं अजून वाटेत असतं. म्हाताऱ्याला ते ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. मला बोलता येत नाही, मित्रांनो. माझं सगळं बोलणं त्या लाल रंगात होतं; पाणी अजून त्याच्या जागेपर्यंत होतं, पण रंगच उरला नव्हता.

रेहान गाडीत चढायला निघाला, तर म्हाताऱ्याने त्याचा दंड घट्ट धरला. मुनीर हसला. "बरं, तू रव हिथं. मी दोगींना घेऊन येतंय."

गाडी मध्यावर असताना वरून दगडांचा गडगडाट ऐकू आला. रेहानने मारलेली हाक त्यात बुडून गेली. पिकअप आडवी झाली, माझ्या अंगाला घासली आणि खाली वाहत गेली. दुसऱ्या दिवशी ती खजुराच्या बागेत सापडली. मुनीर तिच्यात होता. रहिमा आदल्या संध्याकाळपासून विमानतळावर लेकीला नटवून त्याची वाट बघत बसली होती.

चार दिवसांनी रेहान त्या दोघींना इथे घेऊन आला. पात्र ठणठणीत कोरडं होतं. रेहानने दुकानातून लाल रंगाचा डबा आणला होता. तो मला रंगवू लागला आणि तो म्हातारा डबा धरून उभा राहिला. रहिमा दगडावर बसली होती. अमरीनने चारी बाजूंना पाहिलं आणि विचारलं, "मामू, पानी कुठं हाय?"

रेहानचा हात थांबला. मग त्याने ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझ्यासारखं कुणीतरी कुठेतरी उभं असेल, वर्षानुवर्षं कुणाच्याही उपयोगाला न आलेलं. कोरड्या दिवसांतच त्याला रंग द्या. पाणी आल्यावर तो देता येत नाही.