गाठीचा दोरा

उपाशीपोटी

सातव्या महिन्यातल्या एका सकाळी वृषालीच्या डाव्या मनगटातली शीर टिचली आणि बोटभर बाहेर आली. पांढरी, करकरीत. रक्ताचा ठिपका नाही. तिच्या सासूने, आत्याबाईंनी, ती उजेडात धरून पाहिली आणि पाक चांगला बसलाय म्हणाल्या.

घर गाठी करणाऱ्यांचं. पाडवा तोंडावर आला होता. अंगणात भट्टी पेटली होती, सागवानी साचे ओळीने मांडले होते. साच्यात दोरा ताणायचा, वरून उकळता पाक ओतायचा, थिजला की मोगरी हाणून साचा उघडायचा. आणि घरात गर्भारशी असली की प्रत्येक कढईतला पहिला चमचा तिने चाखायचा. त्याशिवाय ओतायचं नाही, ही या घरची रीत.

डॉक्टरीणबाईंनी वृषालीला रागावून सांगितलं होतं, की गरोदरपणात साखर वाढली की ती शिरांना आतून खरवडते. शिरा ताठरतात, रक्तदाब चढतो, वारेपर्यंत रक्त पुरेसं पोचत नाही आणि बाळाचे हाल होतात. वृषालीने ते घरी शब्दन् शब्द सांगितलं. सासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि पुढचा चमचा तिच्या तोंडाशी धरला.

जेवल्यावर एक तासाने

दुपारी दोरा संपला. बाजार बंद होता. आत्याबाईंनी वृषालीच्या मनगटातलं टोक चिमटीत धरलं, तिच्या खांद्याला पाय लावला आणि ओढलं. कातडी कोपरापर्यंत उसवत गेली.

"दुखतंय?" तिच्या नवऱ्याने, सुधाकरने विचारलं.

"हो."

"कच्चा असता तर तुटला असता," आत्याबाई म्हणाल्या.

दुसरं टोक अजून दंडातच होतं, म्हणून हातासकट साचा मिटला. पाक ओतला. थिजल्यावर सासऱ्यांनी मोगरी हाणली. माळ अखंड निघाली, वृषालीची दोन बोटं तिच्यातच राहिली. पदकासारखी दिसतात म्हणून आत्याबाईंनी ती काढली नाहीत.

मग पायातल्या शिरा निघाल्या, मग मानेतल्या. वृषाली उरलेल्या हाताच्या नखाने अंगभर टिचक्या मारून पाहत होती. जिथेतिथे चिनी मातीच्या बशीसारखं वाजत होतं. फक्त बेंबीखाली एक शीर मऊ होती. ती उडत होती. बाळाकडे जाणारी ती एकच उरली होती. वृषालीने तिच्यावर निऱ्या घट्ट खोचल्या.

दोन तासांनी

आत्याबाईंच्या बोटांना चाळीस वर्षांची सवय होती. त्यांना लुगड्यावरूनही दोरा कळला.

"ही नको, आत्याबाई. ही त्याची आहे."

"मग घरातलीच झाली."

सुधाकर तिला धरायला वाकला, तेव्हा वृषालीने पळीभर उकळता पाक त्याच्या तोंडावर फेकला. त्याचा गाल तिथल्या तिथे पांढरा झाला आणि डोळा उघडा तो उघडाच राहिला. तरी त्याने तिचे खांदे जमिनीला दाबून धरले. आई, आटप, असं काहीसं तो म्हणाला, पण ओठ निम्मे थिजले होते.

आत्याबाईंनी बेंबीत बोट घातलं, शीर बाहेर काढली, हाताला दोन वेढे दिले आणि खेचली.

आतून कुणीतरी परत खेचली.

आत्याबाईंनी वृषालीकडे पाहिलं. मग त्यांनी भट्टीच्या विटेला टाच रोवली आणि पुन्हा जोर लावला. त्यांची मूठ बेंबीत गेली. सासऱ्यांनी मोगरी टाकून त्यांची कंबर धरली. कोपरापर्यंतच्या बांगड्या एकेक करून फुटल्या, काचा वृषालीच्या पोटात रुतल्या.

"सोडा की दोरा," सासरे म्हणाले.

"सुटत नाही."

वृषालीला ती शीर उडताना जाणवत होती, मघापेक्षा जोरात.

"ओढ," ती पोटाला म्हणाली.

दंड गेला, तशा आत्याबाई ओरडू लागल्या. खांदा गेला. आत्याबाईंचा गाल वृषालीच्या पोटाला टेकला. त्यांनी ओरडणं थांबवलं आणि त्या आतलं काहीतरी लक्षपूर्वक ऐकू लागल्या.

मग कानही आत गेला.