धाकट्याचं छप्पर

मी एक जुना क्रशर आहे. खाणीतला खनिजाचा दगड माझ्या जबड्यात पडतो आणि मी तो चावून बारीक करतो. मला दात नाहीत, हे आधीच सांगतो. मुलं नेमकं तेच विचारतात.

मित्रांनो, कितीतरी वर्षं मी इथे एकुलता एक होतो. मला चालवणाऱ्या मावशी सकाळी आल्या की अंगावर थाप मारून विचारत, "काय रे, भूक लागली का?" मग चिकणमातीने भरलेलं खनिज निघू लागलं. त्याचा भुगा ढिगावर टाकला की चिखल होई. त्यातला धातू काढायला ढिगावर सोडलेलं, धातू विरघळवणारं पाणी वरच तुंबे, खाली झिरपेना. म्हणून ड्रम आणला. भुगा आणि सिमेंट-पाणी पोटात घेऊन तो गोल फिरतो आणि गोळ्या वळतो. गोळ्यांमधून पाणी खाली उतरतं. एवढंच काम. गोल फिरायला काही अक्कल लागत नाही.

पण लाड केवढे! आतून रबराचं अस्तर, वर पत्र्याचं छप्पर. मी उघड्यावर. मावशी दिवसभर त्याच्यापाशी. आम्हाला सगळे थोरला-धाकटा म्हणू लागले. तुमच्या घरी नुकताच पाळणा हलला असेल, तर जास्त सांगायला नको.

एकदा ओल्या मातीने माझा घसा बंद झाला. मावशी धावत आल्या, वीज तोडली आणि खरवडायला बसल्या. किती बरं वाटलं! तिकडे धाकटा उपाशी. त्याहून बरं वाटलं.

पण हे वरचेवर होऊ लागलं, तेव्हा फोरमन म्हणाले, "मावशी, म्हाताऱ्याला भंगारात काढू."

"ओलंचिंब खायला घालायचं आणि वर आजारी पडतो म्हणायचं! आधी खनिजावर ताडपत्री घाला."

"आणि तरी नाही सुधारला तर?"

"तर काढा."

हे 'तर काढा' मला मुळीच आवडलं नाही.

ताडपत्री आली. कोरडं खनिज आलं. मी जीव तोडून चावलं. धाकट्याने गोळ्या वळल्या. दुसऱ्या दिवशी फोरमननी वाळलेली एक गोळी पाण्याच्या बादलीत टाकली. ती फुटली नाही.

"वा! काय गोळी वळलीय धाकट्यानं!"

मावशींनी माझ्या अंगावर थाप मारली. "आणि दळण कुणाचं?"

"थोरल्याचं, मावशी, थोरल्याचं," फोरमन हसले. "राहू द्या त्याला."

तेव्हा मित्रांनो, यंत्रांची काळजी घ्या. त्यांच्या तोंडातली माती वेळेवर काढा. घरात थोरलं भावंड असेल, तर त्यालाही अधूनमधून थाप मारा. धाकट्याचं छप्पर गळू लागलंय, असं ऐकतो. मला अजिबात आनंद झालेला नाही.