न झालेल्या संवादाची फीत

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी कोणाचाही विश्वास बसणार नाही, आणि बसू नये अशीच माझी इच्छा आहे. ऐकताक्षणी पटली तर ती गोष्ट कसली, ती बातमी. तर, एकमेकांचं तोंडही न बघणाऱ्या दोन विचारवंतांचा अतिशय गाजलेला संवाद मी एकट्याने, एका ब्लेडने घडवून आणला.

"झालं सुरू," भाची म्हणाली. "मामा, मागच्या वेळी कात्री होती."

"कात्रीने फीत वाकडी कापली जाते. तू गप बस. तुझी आई तिथे बटण शिवत बसलीय, तिला विचार."

तेव्हा मी रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रणाला होतो आणि हिची आई, म्हणजे आमची ताई, तिथेच विचारवंतांच्या मुलाखती घ्यायची. विज्ञान कुठवर आलं, माणसाचा स्वभाव बदलतो का, माणसं एकमेकांशी बोलतात म्हणजे नेमकं काय करतात, असले प्रश्न. ऐकायचं कोण? ताई, मी आणि केंद्राचा पहारेकरी. त्यातला पहारेकरी झोपायचा. शेवटी साहेबांनी तिला बोलावून सांगितलं, "पुढच्या भागाची चार लोकांत चर्चा झाली तर ठीक, नाहीतर त्या वेळेत फर्माइशी गाणी." ताईचा सगळा जीव त्या कार्यक्रमात. घरी आली ती भिंतीकडे तोंड करून बसली.

उठली ती ठरवूनच उठली, की दोन दिग्गजांची जुंपून द्यायची. एक मेंदूवाले. राग, लोभ, प्रेम, सगळं कवटीत कुठे राहतं ते पत्त्यासकट सांगायचे. दुसरे श्रवणमहर्षी, म्हणजे आजचे आमचे भावजी. तेच ते, खिडकीपाशी आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेत. बघा खुशाल, त्यांना काही ऐकू येत नाही. कान ठणठणीत आहेत हो. पण ऐकण्याची कला या विषयावर त्यांनी इतके ग्रंथ लिहिले, की प्रत्यक्ष ऐकायला वेळच उरला नाही.

पंचाईत अशी, की या दोघांचा अबोला. एका परिषदेत भावजी 'लक्षपूर्वक ऐकणे' यावर बोलत असताना मेंदूवाले पहिल्या रांगेत घोरले. घोरले ते घोरले, वर उठून शंकाही विचारली. तेव्हापासून एक ज्या दाराने आत येई, दुसरा त्याच दाराने बाहेर पडे.

"मग आईने काय केलं?"

दोघांना वेगवेगळ्या दिवशी बोलावलं. दोघांना तेच प्रश्न विचारले आणि मला म्हणाली, "जोड रे बाबा. एका खोलीत बसून बोलल्यासारखं वाटलं पाहिजे."

भावजींचं वाक्य म्हणजे काय सांगू! क्रियापद यायच्या आत फीत संपायची. नवी चढवावी, तीही संपायची. एकदा मी चहा पिऊन, दाढी करून परत आलो, तरी कर्ता आपला ताटकळत उभाच. मेंदूवाल्यांचं उलट, प्रश्न अर्ध्यात असतानाच उत्तर देऊन मोकळे.

आमची पद्धत अशी, की एकेक उत्तर कापायचं आणि कपड्यांच्या चिमट्याने दोरीवर लटकवायचं. डावीकडे मेंदूवाले, उजवीकडे भावजी. सगळं टांगून झालं, आणि फार उकडतंय म्हणून मी पंखा लावला.

"मामा!"

अगं, पंखा कसला, वादळ ते! विज्ञान दिव्यावर, मनुष्यस्वभाव कपाटाखाली, आणि भावजींचं एक वाक्य खिडकीतून निघालं ते रस्त्यापलीकडच्या गच्चीवर पोचलं, तरी त्याचं शेपूट माझ्या टेबलावरच. कार्यक्रम तोंडावर आलेला. हाताला लागेल ते जोडत सुटलो. ताई विचारते, "माणूस प्रेमात का पडतो?" भावजी म्हणतात, "उपकरण सदोष असलं की असं होतं." मेंदूवाले म्हणतात, "खरंय, उंदरांमध्येही हेच दिसलं." ताई विचारते, "दोन माणसांचं पटत का नाही?" मेंदूवाले म्हणतात, "आधी जरा पाणी मिळेल का?" त्यावर भावजी गहिवरून, "यातच सगळं आलं."

लोकांनी अक्षरशः डोक्यावर घेतलं. केंद्राचा फोन वाजून वाजून इतका तापला, की त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवावी लागली. एका महाविद्यालयाने 'आधी पाणी' हा सिद्धान्त अभ्यासाला लावला. आणि साहेब स्वतः जिना उतरून खाली आले, ताईसमोर मला मिठी मारून म्हणाले, "पोरा, तुझ्या ब्लेडने कार्यक्रम वाचवला. आता तो बंद करणारा मी कोण!"

"थापाड्या!"

आवाज खिडकीकडून आला. भावजींचे डोळे टक्क उघडे. ताईची सुई कापडातच थांबली.

"एकही फोन आला नव्हता," भावजी म्हणाले. "साहेबांनी बंदचा हुकूम टाइप करून ठेवला होता. मी गेलो होतो त्यांच्याकडे, कार्यक्रम बंद करू नका म्हणून सांगायला. जिन्यात तो मेंदूवाला भेटला, तोही त्याच कामाला आलेला. मी त्याला म्हटलं, तुम्ही बोला. तो म्हणाला, संवादातले तज्ज्ञ तुम्ही, तुम्हीच बोला. शेवटी दोघेही साहेबांसमोर जाऊन बसलो आणि संध्याकाळपर्यंत एकानेही तोंड उघडलं नाही. कंटाळून त्यांनी तो कागद फाडला."

"अहो!" ताई म्हणाली. "आणि मी मूर्ख, निवृत्त होईपर्यंत त्या साहेबांचे आभार मानत राहिले!"