वडीचे रंग आणि आत्याची बोटं

“आत्या, तू कंजूष आहेस का?”

विचारलं एकदाचं! पैज होती. माझ्या वर्गातल्या दोघी, लंबू आणि चिमणी, दाराबाहेर तोंड दाबून हसत होत्या. मागच्या वर्षीपर्यंत मी हजेरीलासुद्धा पुटपुटायचे. आता माझ्या जिभेला हाड राहिलेलं नाही, असं आई म्हणते.

पण प्रश्न रास्तच होता. आत्या मोठ्या बागेच्या कार्यालयात झाडापानांची चित्रं काढते, ती पुस्तकांत छापून येतात. आणि तिचे रंग कसले? तर गोळ्या ठेवायच्या चौदा कप्प्यांच्या डबीत ट्यूबमधून पिळून वाळवलेले, भेगाळलेले. आमच्याकडे वडीच्या रंगांचे करकरीत संच!

“आहे की,” आत्या म्हणाली. “त्या बाहेरच्या चोरांनाही बोलाव आत.”

लंबू आत येताच म्हणाली, “आमचेच भारी. हवं तर स्पर्धा लावा.”

लावली. आत्याच्या स्केचबुकात दोन रांगा. वर वडीचे रंग, खाली वाळलेले. ओला ब्रश टेकवला की वडी लगेच रंग सोडायची. आत्याचा निळा मात्र असा गडद उतरला की चिमणी ओरडली, “आईशप्पथ!” पिवळ्याने नाक कापलं. दहा वेळा घासला तेव्हा कुठे उठला, वर तुकडा पडला पानावर. हिरवा तर अजून चिकटच.

“तीन महिने झाले, वाळायचं नाव घेत नाही पठ्ठ्या,” आत्या म्हणाली.

“मग ताजाच का नाही घेत? ड्रॉवर भरलाय ट्यूबांनी,” मी म्हणाले.

“उघड बरं टोपण.”

उघडलं, चुटकीसरशी.

“मला नाही जमत. सांधे धरतात. बरा दिवस असला की चार ट्यूबा पिळून ठेवते, महिना काढते त्यावर. कंजुषी खरीच, पण बोटांची.” मग साखर संपली असं सांगावं तसं म्हणाली, “आता घासायलाही जड जातंय. या महिन्यात काम सोडीन म्हणते. पत्र लिहून ठेवलंय.”

चिमणीने माझा हात गच्च धरला. आत्या, आणि चित्रं नाहीत? ती फोनवर बोलतानासुद्धा पाकिटावर पानं काढते!

मी पेन्सिल उचलली. “थांब. जो एका स्पर्शात उठतो त्याला बरोबर. घासावा लागतो त्याला फुली.” खालच्या रांगेत नऊ बरोबर, पाच फुल्या. मग माझ्या नव्याकोऱ्या संचातल्या पाच वड्या उचकटल्या आणि तिच्या डबीत फुलीवाल्या रंगांच्या जागी बसवल्या.

“अगं, खुळी की काय तू!”

“गप्प बस आत्या. आता ट्यूबमधून रंग भरायला शिकव.”

तिने शिकवलं. ग्लिसरिनचा थेंब, काडीने ढवळणं, पातळ थर, दोन दिवस वाळवणं, मग दुसरा थर. मी दुसऱ्या रिकाम्या डबीतला पहिलाच कप्पा काठोकाठ भरला.

“पोट फुटेल त्याचं! वरून वाळतो, आत ओला राहतो, मग तडकतो.”

शेवटी तिने ब्रश घेतला. एक पान. मग त्याला देठ. मग दुसरं पान. आम्ही तिघी श्वास रोखून.

“दुखतंय?”

“दुखतंय. पण कमी.” ती पानाकडेच बघत होती. “पण ट्यूबा पिळणार कोण, बाळा?”

मी घरी पळत आले. आई-बाबा जेवायला बसत होते.

“ऐका. विचारत नाहीये, सांगतेय. आत्याची बोटं दुखतात. ती काम सोडणार होती.”

बाबांचा घास हातातच राहिला. “ताई? मला एका शब्दाने बोलली नाही.”

“बोलणारही नाही, तुझीच बहीण ती! म्हणून मी ठरवलंय. रोज शाळा सुटली की मी आधी तिच्याकडे जाणार, रंग भरून देणार, मग घरी. सहाच्या आत येईन.” आईचा चेहरा बघितला. “सव्वासहा धरा.”