उत्तरेला कललेलं दालन

हेस्टर क्वांट्रिलबाई सत्तावीस वर्षं गावच्या चर्चची किल्ली सांभाळत होत्या आणि तितकीच वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला एक गोष्ट सांगत होत्या. वेदीचं दालन मुख्य दालनाशी सरळ रेषेत नाही, उत्तरेला कललेलं आहे. कारण क्रुसावर येशूची मान तशीच कलली होती. सांगताना त्या स्वतःचीही मान कलवत. पाहुण्यांचे डोळे भरून येत. नवरा गेला तेव्हा बाई त्याच कललेल्या दालनाकडे बघत बसल्या होत्या.

मे महिन्यात माल्कम थर्टल नावाचा वास्तुतज्ज्ञ छत तपासायला आला. त्याने गोष्ट शेवटपर्यंत ऐकली, चहा संपवला आणि म्हणाला, "बाई, गवंड्याचं माप चुकलंय."

"सहाशे वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही, तुमच्याच आलं?"

"आलं असणार. पण भिंत उभी राहिल्यावर बोलतो कोण?"

हेस्टरबाईंनी त्याला दुसरं बिस्किट दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी थर्टलला फोन केला. "चुकलं म्हणता ना? मग कसं चुकलं ते येऊन दाखवा."

तो आला. पश्चिमेच्या दारापासून मुख्य दालनाच्या मधोमध, अगदी सरळ, वेदीपर्यंत त्याने दोरी ताणली. ती वेदीच्या मध्यावर न जाता दोन फूट बाजूला गेली. मग त्याने भिंतीतला जुन्या दगडांचा पट्टा दाखवला. "इथे आधीचं लहान चर्च होतं. नवं वेदीचं दालन त्याच्यामागे बांधलं. मध्ये जुनी भिंत, आरपार दोरी लावणार कशी? अंदाजाने बांधलं."

"मग जुनं आधी पाडायचं होतं!"

"आणि रविवारी लोकांनी बसायचं कुठे?"

हेस्टरबाई बाकावर टेकल्या. बाहेर छिन्नी-हातोडा चाललाय, आत लोक गातायत, पाद्री चिडून आवाज चढवतोय, असं सगळं त्यांना दिसायला लागलं. मग थर्टलला म्हणाल्या, "चहा घेणार?"

शनिवारी इप्सविच शहरातून पाहुण्यांची बस आली. बाईंनी जुन्या भिंतीची हकीकत सांगितली. कुणाचेही डोळे भरले नाहीत. एका गृहस्थाने मात्र विचारलं, "म्हणजे इथली प्रार्थना कधीच बंद पडली नाही?"

"माझ्या आठवणीत एकदाच," बाई म्हणाल्या. "एकोणीसशे त्रेसष्टच्या हिवाळ्यात. पाद्री बर्फात अडकले होते. आम्ही अर्धा तास वाट बघितली आणि जेवायला घरी गेलो."