लागलेली जोडी

उकंडरावांनी जन्मात कुणाचं वाईट केलं नाही, आणि नेमकी तीच तर पंचाईत झाली. माणूस खडूस असता तर निकिता त्यांच्याशी भांडली तरी असती. पण हे सासरे असे, की दारातल्या कुत्र्यालाही 'जाय बाप्पा तिकडं' म्हणून हाकलायचे. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केलेली, त्यामुळे नियम म्हणजे नियम. सणवार, सोयरसुतक, रीतभात, यातलं त्यांच्या घरात काही म्हणता काही चुकायचं नाही.

निकिता वैशाखात रिठदहून सून म्हणून मालेगावला आली. आंदणात भांडी आली, कपाट आलं आणि त्यासोबत तीन फुटी काचेची टाकी आली. टाकीत दोन सोनेरी मासे, भाकरीसारखे चपटे नि गोल. सेव्हरम म्हणतात त्यांना, सिक्लिड नावाच्या माशांच्या कुळातली एक जात. सासूबाईंनी, म्हणजे विजयमालाबाईंनी, पहिल्याच दिवशी नाक मुरडलं.

"वाशिमच्या दुकानात दोनशाले एक भेटते म्हनतात. अन् हे असं आनलं जसं सोनंच आनलं!"

त्याच वाशिमच्या दुकानदारानं, संघदीपनं, या दोन माशांचे आठ हजार देऊ केले होते हे निकितानं सांगितलं असतं तर घरात भूकंपच झाला असता. तिनं ते विकले नव्हते. दोन वर्षं जीव टांगणीला लावून वाढवले होते. हिवाळ्यात हीटर, उन्हाळ्यात टाकीभोवती ओलं गोणपाट, रोज सोललेले वाटाणे. लग्नासाठी बी.एस्सी. दुसऱ्या वर्षातच सुटलं, पण मासे सुटले नाहीत. शेवटी संघदीपच म्हणाला होता, "विकू नको. जोडी पक्की हाय, दोनदा पिल्लं वाढवतानी मी डोयानं पाह्यली. श्रावन लागला की चार टाक्या अन् मोठा पंप मी आनून देतो. पिल्लं मले देत जाय." नवऱ्यानं, प्रज्वलनं, त्या टाक्यांसाठी मागची कांदे ठेवायची खोली रिकामी करून दिली होती. या घरात तिनं तोंड उघडून मागितलेली तेवढी एकच गोष्ट.

मग आखाड आला. नव्या सुनेनं पहिल्या आखाडात सासरी राहायचं नसतं. उकंडराव स्वतः तिला बसस्टँडवर पोचवायला निघाले, आणि वाटेत त्यांनी विचारलंच.

"पोरी, दुकानात एक दोनशाले. दोनाचे झाले चारशे. मंग तुह्या जोडीले आठ हजार कायचे? प्रज्वल सांगत होता."

निकिताला बरं वाटलं. या घरात पहिल्यांदाच कुणी विचारत होतं.

"मामाजी, काही मासे जातीनं महाग असतात, डिस्कससारखे. फ्लॉवरहॉर्न डोक्यावरच्या टेंगळानं महाग. जेवढं टेंगूळ मोठं तेवढा भाव. पन आपल्या सेव्हरममधी नर कोनता, मादी कोनती, थेच वरून ओळखू येत नाई. दुकानातून दोन उचलून आनले त एकमेकाले फाडून टाकतात. सहा-सात लहानपनापासून सोबत वाढवा लागतात, मंग त्यातले दोघं आपल्या मनानं जमतात. जमलं त जमलं, नाई त नाई. अन् एकडाव जमलं की..."

तेवढ्यात रिसोडची बस लागली. गर्दीत रेटारेटी झाली. पायरीवर चढता चढता निकितानं हसून ओरडून सांगितलं, "लग्न लागलेलं हाय यायचं, मामाजी! त्याचे पैसे!"

एवढं बोलली आणि बस हलली. एकदा जमलेली जोडी कधीच वेगळी करायची नसते, हे मुख्य सांगायचं तोंडातच राहिलं.

उकंडराव घरी येऊन विचारात पडले. लग्न लागलेलं, घरात यंदाच आलेलं, आणि आखाड. नव्या जोडप्यानं आखाडात एकमेकांचं तोंड पाहू नये, आखाडातलं लेकरू चैताच्या उन्हात जन्माला येतं, असं त्यांची आई सांगायची. मासे झाले म्हणून काय झालं? त्यांनी त्याच दिवशी लहान मासा अलगद काढला आणि मागच्या पडवीतल्या निळ्या टबात ठेवला. पदरच्या पैशांनी पंप लावला. पाणी बदललं, वाटाणे सोलले, महिनाभर एक दिवस खाडा नाही. निकिता फोनवर विचारायची, तर म्हणायचे, "मजेत हायेत. माह्यावर भरोसा नाई का?" सुनेला चकित करायचं होतं ना!

श्रावण लागला आणि निकिता सकाळच्या बसनं परत आली. सासूबाईंनी दारात भाकरतुकडा ओवाळला. आतून उकंडरावांची हाक आली, "लवकर ये! आज दोन सुना घरी आल्या!"

टाकीच्या काचेला कुंकू लावलेलं होतं. टाकीत एकटा नर, आणि उकंडरावांच्या हातातल्या बादलीत मादी.

"मामाजी, नका सोडू! नका..."

"लाजते काहून?" म्हणत त्यांनी बादली टाकीत उपडी केली.

नर जवळ आला, अंग थरथरवून क्षणभर थांबला. "पाह्य, ओळखलं!" उकंडराव म्हणाले. पुढच्याच क्षणी त्यानं तिच्या कुशीत तोंड मारलं. मग परत, मग डोळ्यावर. पाण्यात खवले उडाले. निकितानं चपलेसकट धावत जाऊन हात घातला, जाळी घातली, तर मादी घाबरून दगडामागेच शिरे. हाती लागली तेव्हा एक डोळा गेला होता. दुपारपर्यंत ती टबात आडवी पडून श्वास घेत राहिली. उकंडराव टबाशी उकिडवे बसून होते, हललेच नाहीत. ती गेली तेव्हा म्हणाले, "मी त रीतच केली न, पोरी?"

"हो मामाजी." दुसरं काय म्हणणार? बसच्या पायरीवरून लग्न लागलंय म्हणून ओरडली तीच होती ना.

प्रज्वल संध्याकाळी आला नि म्हणाला, "मासाच त होता. दुसरा आनू." संघदीप फोनवर म्हणाला, "एकल्या नराले कोन काय देईन, बाई? टाक्या मी शिरपूरच्या एका पोरीले देऊन टाकतो. तिच्याकडं जोडी हाय. वाईट वाटून घेऊ नको." वाईट वाटून घ्यायचं नाही तर काय करायचं, ते त्यानं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी उकंडराव एकटेच वाशिमला गेले. परतले तेव्हा हातात पाण्याची पिशवी, पिशवीत मासा. पहिलीपेक्षा मोठा आणि झळझळीत.

"सातशाची! दोनशावाली नाई आनली. आता त झालं न?"

"तसं नसते, मामाजी. थे सहा-सातातून आपल्या मनानं निवडतात."

"अन् आपन आनून देल्ली त? नाई राहात?"

सुपात तांदूळ निवडणाऱ्या सासूबाईंनी मान वर केली नाही. "राह्यतात नं, न राह्याले काय झालं," त्या म्हणाल्या. "आमाले कोनी सहा दाखोले होते?"

उकंडराव त्यांच्याकडे बघतच राहिले. हातातली पिशवी ठिबकत होती, तेही त्यांच्या ध्यानात आलं नाही. सासूबाईंनी एक खडा काढून बाजूला टाकला.

टाकीत मधोमध काच लावली. इकडे नर, तिकडे ती नवीन. ती मादी आहे की नर, देव जाणे. उकंडराव रोज सकाळी खुर्ची टाकून वाटाणे सोलत बसतात. नर नव्या माशाकडे पाठ करून, ज्या दगडावर जोडीनं दोनदा अंडी घातली होती तोच दगड तोंडानं घासत असतो.

"निकिता, पाह्य, जागा साफ करून राह्यला!" काल त्यांनी हाक मारली. डोळ्यांत इतकी आशा, की बघवत नव्हतं. "जमन आता, नाई?"

"हो मामाजी, जमन," निकिता म्हणाली, आणि भाजीला कांदा आणायला मागच्या खोलीत गेली. पोती परत तिथेच येऊन पडली होती.