लाल गाडीचा शेवटचा टप्पा

मुलांनो, क्षणभर अशी कल्पना करा, की तुम्ही नऊ वर्षांचे आहात, खुर्चीवर बसल्यावर तुमचे पाय खाली टेकत नाहीत, आणि तुमच्या हातात स्टेअरिंग आहे. समोरच्या पडद्यावर रस्ता सुसाट पळतो आहे. तुमच्या पायांशी, मशीनच्या पोटात डोकं खुपसून तुमचे आजोबा पालथे पडले आहेत आणि दोन्ही हातांनी ॲक्सिलरेटर दाबून धरताहेत. मागे उभा राहून एक निवृत्त एसटी ड्रायव्हर ओरडतो आहे, "पुढं वळण हाये पोरी, हॉर्न दे!"

आणि गाडीला हॉर्नच नाही.

जमली कल्पना? मग आता तुम्ही गुलनार. मशीनच्या पोटात शिरलेत ते अब्दुल गनी, तुमचे नाना. ही गोष्ट खरं तर त्यांचीच.

देऊळगाव राजाच्या स्टँडजवळ, एका बी-बियाण्यांच्या दुकानासमोर गनीभाईंचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. अकरा वर्षांपूर्वी जालन्याहून त्यांनी चार मशिनं आणली. तीन मारामारीची, एक ही लाल गाडीची. मारामारीच्या मशिनांभोवती पोरांची झुंबड उडे. लाल गाडीवर मात्र बस चुकलेले लोक बूड टेकायला बसत, कारण सगळ्या दुकानात पाठ टेकायला मिळेल अशी खुर्ची तेवढी तिलाच होती. गाडीत बंदूक नव्हती, कुणाला लोळवायचं नव्हतं. नुसता रस्ता होता. डोंगर, बोगदे, सूर्यफुलांची शेतं. तेही पाहायचं तर गाडी नीट चालवावी लागे, आणि एवढी सबुरी कुणाला?

ती सबुरी एकाच माणसाकडे होती, जानरावांकडे. मूळचे सोनाळ्याचे, एसटीत एकोणतीस वर्षं विनाअपघात. ते रोज सकाळी यायचे, आधी खुर्ची फडक्यानं पुसायचे, मग गाडी काढायचे. मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात दाखवून पुढे जाऊ द्यायचे. टप्पा संपला, की निशाण घेतलेली माणसं रस्त्याकडेला उभी दिसत. तिथे जानराव हटकून ब्रेक दाबत.

"जानरावभाऊ, थांबता कशाला? शर्यत आहे ही!" गनीभाई कपाळाला हात लावत.

"शर्यत असंन तुमची. माणूस हात दाखवून राह्यला, अन् मी तसाच जाऊ? उद्या तक्रार केली त्यानं म्हंजे?"

त्यात वेळ संपून डाव बाद होई, त्यामुळे जानराव अकरा वर्षांत दुसऱ्या टप्प्यापुढे गेले नव्हते. त्यांची आणखी एक कायमची तक्रार होती. "एवढी पळवता गाडी, रेडिएटरमंधी पाणी कोन टाकते? कंपनीनं पाण्याची सोयच ठेवली नाही. गाडी बनवनाऱ्याले गाडी समजत नाही."

पाचवा, म्हणजे शेवटचा टप्पा गावात कुणीच पाहिलेला नव्हता. पोरं विचारायची, "चाचा, शेवटी काय येतं?" गनीभाईंना माणूस पाहून उत्तर सुचे. एकाला त्यांनी समुद्र सांगितला, एकाला बर्फाचा डोंगर, तर तिसऱ्याला चक्क विमान. खरी गोष्ट अशी, की गनीभाईंना पळता रस्ता पाहिला की चक्कर यायची. मशीन उघडून ते तिची तार न् तार जोडत, पण चालू पडद्याकडे पाठ करून.

बीटी कपाशी नवी नवी आली, त्या वर्षांत कापूस विकून आलेली तरणी पोरं संध्याकाळभर दुकानात धिंगाणा घालायची. मग कपाशीवर लाल्या रोग पडू लागला, पावसानं दोन वर्षं हुलकावणी दिली, आणि ती पोरं एकेक करून वाळूजच्या कारखान्यांत गेली. मागे राहिली त्यांच्या हातात मोबाईल आले. मारामारीची मशिनं मोडीत निघाली. आता गनीभाईंच्या जावयाला तिथे मोबाईल रिचार्जचं काउंटर टाकायचं होतं, आणि लाल गाडी न्यायला जालन्याहून टेम्पो येणार होता.

आदल्या दिवशी गुलनार शाळेतून फणफणत आली होती.

"नाना, वर्गात मारामारी झाली. एक म्हणतो समुद्र, एक म्हणतो विमान. दोघं म्हणतात चाचांनीच सांगितलं. खरं काय?"

गनीभाईंनी स्क्रू-ड्रायव्हर उगीचच पुसला. "मी पाहिलंच नाही, बेटा."

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात?"

"खोटं नाही... अंदाज सांगितला."

"तीन-तीन अंदाज?"

अकरा वर्षं पोरांनी गनीभाईंवर विश्वास ठेवला होता, आणि उद्या गाडी गेल्यावर खरं काय ते सांगायला कुणीच उरणार नव्हतं. गुलनारनं दप्तर खाली ठेवलं. "मग उद्या सकाळी पाहू," ती म्हणाली.

म्हणून हा सगळा खटाटोप. गुलनारचा पाय पोचत नव्हता, म्हणून नाना खाली. गिअर कधी बदलायचा हे तिला कळत नव्हतं, म्हणून जानराव मागे. त्यांनी हातातली किल्ली एसटीच्या बेलसारखी मशीनच्या पत्र्यावर टणटण वाजवली, की पुढचा गिअर. एकदाच वाजवली, की ब्रेक.

"पण काका, निशाणापाशी एक बेल द्यायची नाही हं," गुलनारनं बजावलं होतं.

"नाही देत. पण माह्या जिवाले बरं वाटनार नाही, सांगून ठेवतो."

पहिले दोन डाव जानरावांच्या सवयीनं घालवले. निशाण दिसलं, की त्यांचा हात आपोआप पत्र्यावर पडे. तिसऱ्या डावाला त्यांनी निशाणापाशी डोळेच मिटून घेतले, आणि गाडी दुसरा टप्पा ओलांडून गेली. दुकानात आरडाओरडा झाला.

कारण एव्हाना दुकान भरलं होतं. समोर बियाण्यांच्या दुकानात बीटीच्या पिशव्या येणार म्हणून पहाटेपासून रांग होती. म्हणजे रांगेत चपला होत्या. माणसं गनीभाईंच्या सावलीत होती.

"रंगराव, तुमची चप्पल पुढं सरकवायची हाये!" बाहेरून कुणीतरी हाक दिली.

"सरकव ना बे तूच! इथं तिसरा टप्पा चालू हाये!" रंगराव मान न वळवता म्हणाले.

तेवढ्यात दारात टेम्पो येऊन थांबला. बॉनेटमधून वाफेचा लोट निघत होता. नौशाद नावाचा ड्रायव्हर दोरखंड खांद्यावर टाकून आत आला. "चाचा, उचलायची ना? मला जालन्याला परत जायचंय."

"थांब बे," जानराव म्हणाले. "गाडी रस्त्यात हाये. चालत्या गाडीतून कोनाले उतरवतात का?"

"बारा वाजता लाईट जाणार आहे, तेवढं थांब," मशीनच्या पोटातून आवाज आला.

नौशाद खाली वाकला. "चाचा, तुम्ही तिथं काय करताय?"

"ॲक्सिलरेटर आहे मी."

चौथा टप्पा बोगद्यांचा होता. गुलनारच्या कपाळावर घामानं केस चिकटले. ती डावीकडे कलली, की रंगराव डावीकडे कलत, त्यांच्यामागे सगळी रांग कले. दोन बोगदे गेले, तिसरा गेला. गनीभाईंना फक्त फरशी दिसत होती आणि हाताला कळ लागली होती, पण त्यांनी दाब सोडला नाही. लोकांच्या पायांवरून त्यांना वळणं कळत होती.

"पाचवा!" कुणीतरी किंचाळलं. "पाचवा लागला हो!"

असा रस्ता कुणी पाहिलाच नव्हता. लांबच लांब, सरळ, दोन्ही बाजूंना पिवळं गवत, आणि पार शेवटी एक चढ. चढापलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं.

"नाना, आलंच हं. दाबा!"

"दाबलंय बेटा!"

गाडी चढाला लागली. आणि पडदा विझला.

पंखा घरघरत थांबला. भिंतीवरच्या घड्याळात बाराला सात मिनिटं कमी होती.

"अरे, वेळ तरी पाळा रे!" रंगराव छताकडे पाहून ओरडले. जानरावांनी किल्ली खिशात टाकली.

"काय दिसलं?" खालून गनीभाईंनी विचारलं. त्यांनी अजून हात काढला नव्हता. "गुल्लू, काय आलं शेवटी?"

गुलनारनं स्टेअरिंग सोडलं नव्हतं. तिनं काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग खाली नानांच्या पांढऱ्या केसांकडे.

"चढ संपला," ती हळूच म्हणाली. "आता उतार आहे. नाना, पाय... म्हणजे हात काढा. गाडी थांबवायचीय."

गनीभाईंनी हात काढला. जानरावांनी सवयीनं पत्र्यावर बोटानंच एक टिचकी मारली.

"थांबली," गुलनार म्हणाली. "ड्रायव्हर उतरला. लई लांबून आलाय तो. त्यानं बॉनेट उघडलं."

"अन् मंग?" जानरावांचा आवाज एकदम बारीक झाला. "मंग काय केलं त्यानं?"

गनीभाई गुडघ्यांवर रेलून बाहेर आले होते. आपल्या नातीच्या तोंडून चौथा अंदाज निघतो आहे, हे त्यांना कळलं होतं. तेही जानरावांसारखेच वाट पाहत राहिले.

गुलनार खुर्चीवरून उतरली. कोपऱ्यातल्या माठातून तिनं तांब्या भरून घेतला. भरलेला तांब्या दोन्ही हातांनी सांभाळत ती लोकांमधून वाट काढत उन्हात आली, चपलांची रांग ओलांडून वाफ सोडणाऱ्या टेम्पोपाशी उभी राहिली, आणि नौशादला म्हणाली, "हे उघडा. आमची गाडी लांब जायचीय."

नौशादनं बॉनेट उघडलं, फडकं धरून रेडिएटरचं झाकण सैल केलं आणि वाफ निघून जाऊ दिली. मग गुलनारनं टाचा उंचावल्या, आणि जानरावांनी आतून सांगितलं तसं, हळूहळू, एक थेंब न सांडता, रेडिएटरमध्ये पाणी ओतलं.